सेकंदाला लाख, तरी बाजार नाराज

आमच्या नाक्यावर एक रेडीमेड कपड्यांचं दुकान आहे. जेमतेम दोनशे चौरस फूट. रात्री साडेनऊला काका शटर अर्धं खाली ओढतात, नोटा उडू नयेत म्हणून पंखा बंद करतात आणि गल्ला मोजायला बसतात. दहा-वीसच्या नोटा वेगळ्या, पाचशेच्या वेगळ्या, यूपीआयचा हिशेब मोबाइलवर. मग लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत रोजमेळ लिहायचा. गेल्या वर्षी याच दिवशी किती गल्ला होता हे ते कधी बघत नाहीत. दिवाळीत बघतात, तेही एकदाच.

हाच धंदा जगाच्या पाठीवर करणारी एक स्पॅनिश कंपनी आहे, इंडिटेक्स. हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं, पण तिचा सर्वांत मोठा ब्रँड ‘झारा’ मॉलमध्ये फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ही कंपनीही गल्ला मोजते, फक्त दर तीन महिन्यांनी, जगासमोर आणि गेल्या वर्षीचा आकडा शेजारी मांडून. ११ जून २०२५ ला तिने १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या तीन महिन्यांचा हिशेब जाहीर केला. विक्री ८२७ कोटी ४० लाख युरो. निव्वळ नफा १३० कोटी ५० लाख युरो.

युरोतले आकडे डोळ्यांसमोरून नुसते सरकतात, म्हणून रुपयांत आणू. सोपं जावं म्हणून एका युरोचे ९५ रुपये धरतो. विक्री झाली सुमारे ७८,६०० कोटी रुपये. मुंबई महानगरपालिकेचं २०२५-२६ या अख्ख्या वर्षाचं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. रस्ते, पाणी, कचरा, रुग्णालयं, शाळा, किनारी रस्ता असं सगळं त्यात आलं. देशातल्या सर्वांत श्रीमंत पालिकेने वर्षभरात खर्चायची रक्कम एका कापडवाल्याच्या गल्ल्यात तीन महिन्यांत जमा झाली, आणि ते तीन महिनेही हंगामाचे नव्हते. युरोपात कपड्यांचा खरा खप थंडीत, नाताळच्या आधी होतो. फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे आपल्याकडचा श्रावणाच्या आधीचा आषाढ समजा.

आता याचे तुकडे करू. त्या तिमाहीत ८९ दिवस होते. दिवसाला सव्वानऊ कोटींहून जास्त युरो, म्हणजे साधारण ८८३ कोटी रुपये. तासाला ३७ कोटींच्या आसपास. मिनिटाला ६१ लाख. सेकंदाला १,०७६ युरो, म्हणजे एक लाख दोन हजार रुपये. दिवसरात्र, रविवार धरून. दुकानं रात्री बंद असतात हे खरं, पण ही कंपनी दोनशेहून अधिक बाजारपेठांत माल विकते. माद्रिदमध्ये शटर पडतं तेव्हा मेक्सिकोत दुपारची गर्दी असते, आणि वेबसाइटला शटर नसतंच.

सेकंदाला लाख रुपयांचा गल्ला, पैकी १६ हजार निव्वळ नफा. आणि हे जाहीर झालं त्या दिवशी माद्रिदच्या शेअर बाजारात काय झालं? शेअर चार टक्क्यांहून अधिक पडला.

कंपनीची बाजारातली एकूण किंमत तेव्हा दीडशे अब्ज युरोंच्या घरात होती. तिचे चार टक्के म्हणजे सहाशे कोटी युरो, आपले ५७ हजार कोटी रुपये, एका दिवसात गायब. कंपनी तोट्यात गेली नव्हती. नफा आधीच्या वर्षीपेक्षा कमीही झाला नव्हता; उलट १२९ कोटी ४० लाख युरोंवरून १३० कोटी ५० लाखांवर गेला होता. एक कोटी दहा लाख युरो जास्तच कमावले आणि सहाशे कोटींचा दंड झाला. गुन्हा एवढाच की विक्री दीडच टक्क्याने वाढली. चलनांच्या चढउताराचा परिणाम बाजूला ठेवला तरी ४.२ टक्के. विश्लेषकांनी थोडी जास्त धरली होती. शिवाय १ मे ते ९ जूनच्या पुढच्या काही आठवड्यांत वाढ ६ टक्के होती, आधीच्या वर्षी त्याच दिवसांत ती १२ होती.

तिमाही निकाल वाचायचा तो असा. आपण बाहेरून आकड्याचा आकार बघून थक्क होतो. बाजाराला आकार दिसतच नाही, तो कालच्या आणि आजच्या आकड्यातली वजाबाकी बघतो, आणि त्यातून स्वतःच्या मनातला अंदाज पुन्हा वजा करतो. ७८ हजार कोटी हा त्याच्या लेखी शिळा झालेला आकडा, ताजा फक्त तो दीड टक्का. नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलाला ‘गेल्या वेळी ब्याण्णव होते ना?’ असं विचारणाऱ्या पालकांच्या जातीचा हा बाजार आहे.

ही कंपनी जिथून चालते ते गाव बघितलं की या आकड्यांची आणखी गंमत वाटते. स्पेनच्या वायव्य टोकाला गॅलिसिया हा प्रांत. पाऊस, धुकं, खवळलेला अटलांटिक, मासेमारी. तिथल्या आ कोरुन्या शहराजवळ आर्तेइशो नावाच्या औद्योगिक गावात मुख्यालय आहे. जगातल्या फॅशनची राजधानी म्हणून पॅरिस, मिलान ही नावं घेतात. कुणीही आर्तेइशो म्हणत नाही.

संस्थापक अमान्सिओ ओर्तेगा यांचा जन्म १९३६ चा, वडील रेल्वेतले कामगार. त्यांच्या चरित्रात एक प्रसंग येतो. शाळकरी अमान्सिओ आईबरोबर वाण्याकडे गेला होता. काउंटर उंच, त्यामुळे बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता. आवाज मात्र ऐकू आला, की बाई, आता आणखी उधारी देता येणार नाही. पोराने शाळा सोडली आणि किशोरवयातच आ कोरुन्यातल्या एका शर्टांच्या दुकानात नोकरी धरली. १९६३ मध्ये स्वतःचा छोटा कारखाना काढला, घरात घालायचे गाउन शिवण्याचा. त्याचं नाव वाचून आपल्याकडचा माणूस दचकेल. ‘गोआ’. आपल्या गोव्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. अमान्सिओ ओर्तेगा गाओना या नावाची आद्याक्षरं उलटी लिहिली की गोआ होतं. आसपासच्या गावांतल्या बायका सहकारी गट करून शिवणकाम करायच्या. त्यातल्या कितीकींचे नवरे मासेमारीला समुद्रावर असायचे.

१९७५ मध्ये आ कोरुन्यात पहिलं दुकान उघडलं. नाव ठेवायचं होतं ‘झोर्बा’, पण जवळच त्या नावाचा बार निघाला. पाटीची अक्षरं करून झाली होती. ती वाया कशी घालवायची? त्यातलीच फिरवाफिरव करून ‘झारा’ जुळवलं. जगातल्या सर्वांत किमती ब्रँडांमध्ये गणलं जाणारं नाव शिल्लक मालातून तयार झालं, असं म्हणायला हरकत नाही.

आता माल किती, ते बघू. पैशांचे आकडे कितीही मोठे केले तरी हवेतच राहतात. कपडा हातात धरता येतो. २०१८ या वर्षात या समूहाने बाजारात आणलेले कपडे आणि इतर वस्तू सुमारे १६० कोटी होत्या. दिवसाला ४४ लाखांच्या आसपास, सेकंदाला पन्नास. भारतातल्या तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत प्रत्येकाला एकेक दिला तरी उरतील एवढे.

समजा हे सगळे शर्ट आहेत. व्यवस्थित घडी घातलेला शर्ट एक सेंटीमीटर जाड धरू. एकावर एक ठेवत गेलं तर चळत १६ हजार किलोमीटर उंच होईल. पृथ्वीच्या आरपार भोक पाडलं तर ते पावणेतेरा हजार किलोमीटरचं असेल, तेव्हा चळत दुसऱ्या बाजूने सव्वातीन हजार किलोमीटर बाहेर येईल. घडी नको असेल तर धुऊन वाळत घालू. चिमटे लावून एका शर्टाला अर्धा मीटर दोरी लागते, हे चाळीच्या गॅलरीत राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. १६० कोटी शर्टांना लागणारी दोरी आठ लाख किलोमीटर. चंद्र इथून ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे दोरी चंद्राला अडकवून परत आणून आपल्या गॅलरीच्या खिळ्याला बांधता येईल, आणि वर तीस हजार किलोमीटर दोरी उरेल. हे एका वर्षाचे कपडे, एका समूहाचे. पुढच्या वर्षी पुन्हा नवी दोरी.

एवढा माल काढणं अवघड नाही. यंत्रं आहेत, स्वस्त मजूर आहेत. अवघड आहे तो विकला जाईल एवढाच काढणं. कपड्याच्या धंद्यातला खरा शत्रू म्हणजे पडून राहिलेला माल. कांदा सडतो तेव्हा वास येतो. कपडा सडत नाही, नुसता जुना होतो, आणि जुना झाला की त्याची किंमत रोज उतरत जाते. स्वीडनच्या एच अँड एमने हे २०१८ मध्ये अनुभवलं. त्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीच्या निकालात विकला न गेलेला माल होता सुमारे ३५ अब्ज क्रोनरचा, ४३० कोटी डॉलरचा. एका कपड्याचा पडलेला भाव आठ डॉलर धरला तर पन्नास कोटींहून अधिक नग होतात. कामकाजातला नफा त्या तिमाहीत ६२ टक्क्यांनी कोसळला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘आता एवढ्या कपड्यांचं करायचं काय’ म्हणून बातम्या छापल्या. न खपलेला माल ही ताळेबंदातली एक ओळ असते, पण कुठल्या तरी गोदामात तो खोकीच्या खोकी भरून प्रत्यक्ष ठेवलेला असतो, आणि त्या गोदामाचंही भाडं चालू असतं.

झाराचं कसब इथे आहे. बाकीचे वर्षभर आधी ठरवतात की पुढच्या थंडीत लोक कुठला रंग घालतील. झारा शक्य तेवढं उशिरा ठरवते. पहिला घाणा छोटा काढायचा. दुकानात काय उचललं जातंय, गिऱ्हाईक काय हातात घेऊन परत ठेवतंय, हे रोज आर्तेइशोला कळवायचं. चाललं तर आणखी शिवायचं, नाही चाललं तर विषय संपला. त्यासाठी कारखाने जवळ लागतात, म्हणून स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तान या टापूतून मोठा हिस्सा येतो. साधे टी-शर्ट, जे कधीही खपतात, ते लांबून, स्वस्तात. जगातल्या प्रत्येक दुकानात आठवड्यातून दोनदा नवा माल पोचतो. जानेवारी २०२५ अखेर साऱ्या समूहाकडे शिल्लक माल होता सुमारे ३३० कोटी युरोंचा. वर्षभरात विकलेल्या मालाच्या खरेदी किमतीशी ताडून बघितलं तर अडीच महिन्यांपेक्षा कमी पुरेल एवढा. आमच्या काकांकडे मागच्या फळीवर २०१९ चे स्वेटर आहेत, मी स्वतः पाहिलेत.

उधारीचंही चक्र इथे उलटं फिरलं आहे. गिऱ्हाईक पैसे आज देतं. कारखानदाराचं बिल मात्र ठरलेल्या मुदतीनंतर चुकतं केलं जातं. मधल्या काळात ते पैसे कंपनीकडे. त्याच जानेवारीअखेरीस कंपनीकडे देणी वजा जाता रोकड होती साडेअकराशे कोटी युरोंच्या आसपास, म्हणजे एक लाख कोटी रुपयांहून जास्त. ज्याच्या आईला वाण्याने उधारी नाकारली, त्याला आता हजारो कारखाने उधारीवर माल देतात.

२०२५ च्या त्या पहिल्या तिमाहीतल्या विक्रीच्या प्रत्येक शंभर युरोंचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. मालाच्या खरेदीत गेले ३९.४. उरले ६०.६, धंद्यातले लोक याला ढोबळ नफा म्हणतात आणि हा आकडा बघून स्पर्धकांच्या पोटात दुखतं. पगार, वाहतूक, वीज आणि बाकीच्या खर्चानंतर हातात राहिले २९. दुकानांच्या भाडेकरारांचा भार आणि घसारा काढून झाल्यावर वीसच्या आसपास. कर भरून उरले पावणेसोळा. शंभरातले पावणेसोळा खिशात पडणारा कापडवाला मी तरी दुसरा फारसा पाहिलेला नाही.

आणि त्या ३९.४ च्या पोटात आणखी लहान आकडे आहेत. दोनशे ग्रॅमचा सुती शर्ट घ्या. सूतकताई-विणाईतली घट धरून त्याला अडीचशे ग्रॅम रुई लागते. त्यासाठी सरकीसकट पाऊण किलो कापूस. आपल्याकडे २०२४-२५ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावाने शर्टातला कापूस झाला ५६ रुपयांचा, तोही सरकीचे पैसे न वळते करता. शर्ट तीस युरोंना विकला गेला तर २,८५० रुपये झाले. ज्या झाडापासून सगळं सुरू होतं त्याचा वाटा दोन टक्केसुद्धा नाही. तो कापूस यवतमाळचाच असेल असं नाही. मालीचा, टेक्ससचा, कुठलाही असू शकतो. शिवणाऱ्यांचं गणित याहून सुखाचं नाही. बांगलादेशात कपडा कामगारांचं किमान वेतन डिसेंबर २०२३ पासून महिन्याला १२,५०० टाका झालं, आणि तेवढ्यासाठीही त्यांना रस्त्यावर उतरावं लागलं होतं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही कारखान्यांची आठ मजली इमारत कोसळून ११३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले लोकांनी पाहिले होते, तरी सकाळी त्यांना कामावर चढवलं गेलं. त्या आठवड्यात पाठवायच्या ऑर्डरी होत्या.

तिमाहीचं चाक किती वेगाने उलटसुलट फिरू शकतं, ते बघायचं तर २०२० चा तोच फेब्रुवारी ते एप्रिल घ्या. कोरोनाने एका टप्प्यावर कंपनीची ८८ टक्के दुकानं बंद पाडली होती. विक्री ४४ टक्क्यांनी घसरून ३३० कोटी युरोंवर आली. २००१ मध्ये शेअर बाजारात आल्यापासून ज्या कंपनीने कधी तोटा बघितला नव्हता, तिच्या वहीत ४० कोटी ९० लाख युरोंचा तोटा लिहिला गेला. दिवसाला ४५ लाख युरो, म्हणजे ४३ कोटी रुपये पाण्यात. त्यातले ३० कोटी ८० लाख युरो तर दुकानं बंद करण्याच्या आणि कात टाकण्याच्या योजनेपोटी कंपनीने स्वतःहून बाजूला काढले होते. हजार-बाराशे छोटी दुकानं मोडीत काढायची आणि ऑनलाइनमध्ये १०० कोटी युरो ओतायचे, असं तेव्हा ठरलं. एप्रिलमध्ये, सगळं जग घरात बसलेलं असताना, ऑनलाइन विक्री ९५ टक्क्यांनी वाढली होती. कुठेही जायचं नव्हतं, तरी लोक कपडे घेत होते.

तेव्हापासूनच्या प्रत्येक पहिल्या तिमाहीचा निव्वळ नफा मी ओळीने लिहून काढला. २०२० उणे ४०.९ कोटी युरो. २०२१ मध्ये ४२.१ कोटी. २०२२ मध्ये ७६ कोटी. २०२३ मध्ये ११६.८. २०२४ मध्ये १२९.४. २०२५ मध्ये १३०.५. यातला २०२२ चा आकडा जरा थांबून बघा. मार्चमध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर कंपनीने रशियातली ५०२ दुकानं बंद केली. चालत्या धंद्याची पाचशे दुकानं! त्या भागातल्या नुकसानीपोटी त्याच तिमाहीत २१ कोटी ६० लाख युरो बाजूला ठेवावे लागले. आणि तरी नफा ८० टक्क्यांनी वाढला. एखाद्याचा हात मोडावा आणि त्याच महिन्यात त्याने कुस्ती मारावी, तसलं काही तरी.

दुकानांची संख्या हा आणखी एक चकवा. २०१९ च्या वर्षअखेरीला समूहाची ७,४६९ दुकानं होती आणि वर्षाची विक्री २,८२९ कोटी युरो. २०२४ च्या वर्षअखेरीला दुकानं ५,५६३, विक्री ३,८६३ कोटी. एकोणीसशे दुकानं घटली आणि हजार कोटी युरो वाढले. छोटी काढली, मोठी आणखी मोठी केली, उरलेलं मोबाइलवर ढकललं.

भारताचं या पसाऱ्यात स्थान काय? झारा इथे २०१० मध्ये टाटांच्या ट्रेंट कंपनीशी भागीदारीत आली. दिल्लीला साकेतमध्ये आणि मुंबईत लोअर परळला, पॅलेडियममध्ये. पॅलेडियम उभं आहे फिनिक्स मिलच्या आवारात. मिलची चिमणी अजून तिथे आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा या टापूत कापड विणलं जात होतं. आता त्याच जागेवर तुर्कस्तानात शिवलेला शर्ट विकत मिळतो. आत शिवणीजवळ एवढ्या भाषांतल्या सूचनांची पांढरी पट्टी असते, की तीच एक वेगळी पुस्तिका वाटावी. घरी आणल्यावर पहिल्यांदा ती कातरायची.

भागीदारीतल्या या कंपनीने २०२३-२४ मध्ये भारतभर केलेली विक्री होती २,७७५ कोटी रुपये. आपल्याला हा आकडा मोठा वाटेल. दिवसाला ८८३ कोटींनी भागा. तीन दिवस आणि तीन-साडेतीन तास. दीडशे कोटींच्या देशाचा वर्षाचा धंदा आर्तेइशोच्या लेखी सोमवारी सुरू होऊन गुरुवारी पहाटे संपतो. फ्लोरा फाउंटनच्या इस्माईल बिल्डिंगमधलं झाराचं प्रचंड दुकान २०१७ मध्ये वाजतगाजत उघडलं होतं, ते २०२५ च्या सुरुवातीला बंद झालं. मात्र त्याच ट्रेंटचं झुडिओ, जिथे हजाराच्या आत सगळं मिळतं, ते आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं आहे.

राहता राहिला मालक. कंपनीचे एकूण शेअर ३११ कोटी ६६ लाख, त्यातले ५९ टक्क्यांहून थोडे जास्त ओर्तेगांच्या ताब्यात. २०२४ च्या नफ्यातून शेअरमागे १.६८ युरो लाभांश जाहीर झाला. त्यांच्या वाट्याला ३१० कोटी युरो, आपले साडेएकोणतीस हजार कोटी. मिनिटाला साडेपाच लाख रुपये. ते झोपलेले असतानाही. वय नव्वदीच्या आसपास. कंपनीचं अध्यक्षपद २०२२ पासून कन्या मार्ता यांच्याकडे आहे. १९९९ पर्यंत या माणसाचा अधिकृत फोटोसुद्धा बाहेर आला नव्हता. आलेला पैसा ते इमारतींत घालतात. मोठ्या शहरांतल्या मोक्याच्या इमारती, ज्यांचं भाडं दुसऱ्या कंपन्या भरतात, आणि त्यांतल्या काहींत चक्क स्पर्धकांची दुकानं आहेत.

हे सगळं मी एका रात्री काकांना सांगितलं. ते नोटा मोजत होते, मधेच थांबले तर चुकतं म्हणून ओठ हलत राहिले. सेकंदाला लाखावर त्यांनी नुसतंच ‘हं’ केलं. चंद्राच्या दोरीला हसले. गठ्ठ्याला रबर लावून झाल्यावर चष्मा वर सरकवून म्हणाले,

“विक्री किती वाढली म्हणालास?”

“दीड टक्का.”

“आणि माल किती उरलाय?”

मी कागद बघितला. ३० एप्रिलला शिल्लक माल आधीच्या वर्षीपेक्षा सहा टक्क्यांनी जास्त होता.

“विक्री दीड, माल सहा,” काका म्हणाले. “एप्रिलात तिकडे पाऊस झाला असणार. उन्हाळी कपडे कोण घेतंय मग.”

स्पेनमध्ये त्या वसंतात खरोखरच बराच पाऊस झाला होता. मी काही बोलणार तेवढ्यात अर्ध्या शटरखालून एक बाई वाकून आत आल्या. मुलाला उद्या शाळेसाठी पांढरा शर्ट हवा होता, चौतीस नंबर. काकांनी पंखा पुन्हा लावला आणि फळीवरून शर्टांचा खोका खाली ओढला.